भाषाविज्ञानाचं पहिलं पुस्तक

चाकणच्या कॉलेजात मी मराठी शिकवायला लागले आणि लगेच पुढच्या वर्षी विद्यापीठाने अभ्यासक्रम बदलला. आधी तिसऱ्या वर्षाला असलेलं भाषाविज्ञान आता दुसऱ्या वर्षाला आलं. काय शिकवायचं ते विद्यापीठाने कळवलं होतं, पण मुलांच्या हातात कोणतं पुस्तक द्यायचं ते ज्याच्या त्याच्या विभागाने ठरवायचं होतं. आमचा विभाग म्हणजे दोन माणसं. विभागप्रमुख सर आणि मी.

सरांच्या दृष्टीने त्यात ठरवण्यासारखं काही नव्हतंच. स्वतः शिकताना वापरलेलं पुस्तक ते नोकरीला लागल्यापासून शिकवत होते. त्या पुस्तकाला त्यांनी खाकी कागदाचं कव्हर घातलेलं असायचं, दरवर्षी नवं. आतली पानं पिवळी पडली होती आणि कडांना पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या. पहिल्याच पानावर भाषेची व्याख्या होती आणि त्यात ‘यादृच्छिक’ हा शब्द होता. सर तो शब्द उच्चारायचे तेव्हा सगळा वर्ग मान वर करून बघायचा. एकदा मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं होतं, “सर, यादृच्छिक म्हणजे यादीत असलेलं का?” सर हसले नाहीत. पाण्याला पाणीच का म्हणायचं, दगड का म्हणायचं नाही, याला काहीही कारण नाही, हे त्यांनी अर्धा तास समजावून सांगितलं होतं.

सरांचं बोलणं ऐकत राहावं असं होतं. त्यांचा ‘ण’ तर इतका स्वच्छ असायचा की मला माझ्या उच्चारांची काळजी वाटायची. राजगुरुनगरच्या अलीकडच्या एका गावात त्यांचं घर आणि शेती होती. तिथून ते मोटरसायकलवर यायचे. घरून फोन आला की ते खुर्चीतून उठून स्टाफरूमच्या खिडकीशी जायचे, आमच्याकडे पाठ करायचे आणि हळू आवाजात बोलायचे. “व्हय. न्हाई, आज उशीर व्हईल. कांद्याला पानी सोडलं का?” फोन ठेवून वळले की पुन्हा तोच स्वच्छ ‘ण’. मला त्याचं नवल वाटायचं नाही. आमच्या आकुर्डीच्या घरातही दारातून आत आणि दारातून बाहेर अशा दोन मराठी होत्या. वडील लातूरकडून इथे कंपनीत नोकरीला आले होते आणि आईने आम्हा भावंडांना शाळेतलं बोलणं फार लवकर शिकवलं होतं.

मला मात्र सरांचं पुस्तक नको होतं. मी नुकतीच एम.ए. होऊन आले होते आणि माझ्या पिशवीत एक जाडजूड, इंग्रजीवरून भाषांतरित केलेलं पुस्तक असायचं. त्यात तोंडाच्या आतल्या भागांच्या आकृत्या होत्या, वाक्याचे भाग फांद्यांसारखे मांडून वाक्यांची झाडं काढलेली होती. मी ते सरांसमोर ठेवलं. त्यांनी आकृती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, “छान आहे. पण मॅडम, ही पोरं सकाळी इथं बसतात आणि दुपारी सेकंड शिफ्टला जातात. एवढं ओझं त्यांना पेलेल का?”

“सर, तुमच्या पुस्तकातले शब्द तरी कुठे हलके आहेत?” मी म्हणाले.

 ते म्हणाले, “असं करू. दोघांनी आपापल्या पुस्तकातून थोडे थोडे तास शिकवू. एकमेकांच्या तासाला मागे बसू. मग बघू.”

पहिले तास माझे. आमचा वर्ग रस्त्याच्या बाजूला होता. कंटेनर आणि कंपन्यांच्या बस सतत चालू असायच्या, त्यामुळे मी आवाज चढवूनच शिकवत असे. आकृत्या फळ्यावर काढल्या, टाळू, जीभ, स्वरतंतू सगळं दाखवलं. मुलांनी ते इमानदारीने उतरवून घेतलं. मग पुस्तकातलं उदाहरण आलं. इंग्रजी माणूस ‘प’ म्हणताना कधी हवा सोडतो, कधी सोडत नाही, आणि त्याला स्वतःला तो फरक कळत नाही. मी मोठ्या उत्साहाने तोंडासमोर कागदाचा चिटोरा धरून ते करून दाखवलं. मुलं चिटोऱ्याकडे बघत राहिली. पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “मॅडम, आपल्याकडं प वेगळा अन् फ वेगळा. मग न कळायला काय झालं?”

मी म्हणाले, “त्यांना कळत नाही, हेच तर सांगायचं आहे.”

तिने पुढची पानं चाळली. “पण मग ह्यात सगळी उदाहरणं परगावचीच आहेत की.”

ही मुलगी चाकणजवळच्याच एका गावची. घरी शेती आणि वडील जवळच्या कंपनीत कामाला. सकाळी दुधाचे कॅन डेअरीवर देऊन ती कॉलेजला यायची, तरी तास चुकवायची नाही. तिचं बोलणं मला लागलं, पण तिचं खरं होतं. दोनचार दिवसांत माझ्या लक्षात आलं की मुलं व्याख्या पाठ करतायत आणि बाकी सगळं परगावचं म्हणून सोडून देतायत.  स्टाफरूममध्ये आल्यावर सरांनी माझा चहा तेवढा पुढे सरकवला.

मग सरांचे तास सुरू झाले. मान्य करायला हवं की ते माझ्यापेक्षा फार चांगलं शिकवत होते. ‘यादृच्छिक’सुद्धा मुलांना कळला. एक जण म्हणाला, “म्हंजे सर, आपण सगळ्यांनी ठरवलं तर पाण्याला दगड म्हणता येईल?” सर म्हणाले, “सगळ्यांनी ठरवलं तर. तू एकट्याने ठरवलंस तर तहानेला मरशील.” वर्ग हसला. मला वाटलं, झालं, पुस्तक ठरलं.

पण मग बोलीचं प्रकरण आलं. सरांची पद्धत अशी की प्रकरणाचा पहिला भाग ते मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यायचे. त्या दिवशी त्यांनी त्या पुढच्या बाकावरच्या मुलीला उभं केलं. ती वाचायला लागली. उच्चारशैथिल्य, ग्राम्य, अपभ्रष्ट, असे शब्द एकेका पायरीवर थांबत चढावं तसे ती वाचत होती. खेड्यातली माणसं शिक्षणाच्या अभावी ‘ण’चा ‘न’ करतात, असं एक वाक्य होतं आणि पुढे उदाहरणं होती. पानी, लोनी, न्हाई, व्हय. ही उदाहरणं मात्र तिच्या तोंडून इतकी सहज, इतकी गोड आली की वर्गात एकदम हशा पिकला. त्यात कुचेष्टा नव्हती. इतका वेळ अडखळणारा आवाज अचानक घरचा झाला म्हणून मुलं हसली. तीही हसली. मग तिची नजर पुढच्या ओळीवर गेली. ‘अशी अशुद्ध रूपे’ इतकं वाचून ती थांबली.

“सर, पुढं वाचू?” तिने विचारलं.

“नको. बस.” सर म्हणाले.

त्यांनी पुस्तक मिटलं, हजेरी घेतली आणि वेळेआधी वर्ग सोडला. एवढ्या वर्षांत त्यांनी तास कधी अर्धा सोडला नव्हता, असं नंतर आमच्या शिपायांनीच मला सांगितलं.

व्हरांड्यात ती मुलगी माझ्या शेजारून चालायला लागली. ती रडवेली असेल म्हणून मी तिच्याकडे पाहिलं, तर ती विचारात पडलेली होती. “मॅडम, हे पुस्तक लिहिणारे कुठले?”

“मला माहीत नाही गं. का?”

“आमच्याकडचेच असतील. नाहीतर इतकं बरोबर कसं लिहिलं असतं? आमी असंच बोलतो.” आणि मग, “पण मग अशुद्ध का लिहिलं त्यांनी?”

 मी म्हणाले, उद्या बोलू.

स्टाफरूममध्ये सर खिडकीशी उभे होते. फोन आलेला नव्हता, तरी उभे होते. मी आत आल्यावर त्यांनी मागे वळून न बघताच बोलायला सुरुवात केली. “मॅडम, मी कॉलेजला आलो तेव्हा वर्गात तोंड उघडायची सोय नव्हती. बोललो की पोरं हसायची. मग हे पुस्तक हाती आलं. त्या पानावर काय काय सोडायचं ते सगळं दिलेलं होतं. मी ते पान घेऊन रानात जायचो आणि बांधावर उभा राहून मोठ्यानं म्हणायचो. पाणी, लोणी, नाही, होय. कांद्याच्या रोपांना ऐकवायचो.” ते थोडं हसले. “ते पान मला इतकं उपयोगी पडलं की त्यावर काय लिहिलंय ते मी कधी वाचलंच नाही. आज तिच्या तोंडून ऐकलं.”

 

“शनिवारी मोकळ्या आहात?” त्यांनी विचारलं. “आपण पुण्याला जाऊ. अप्पा बळवंत चौकात बघू काय मिळतं ते.”

शनिवारी आम्ही चाकणहून बस धरली. मोशीला गर्दी, भोसरीला त्याहून गर्दी. सरांनी मला खिडकी दिली आणि स्वतः दांडीला धरून उभे राहिले. नाशिक फाट्याच्या पुढे त्यांना जागा मिळाली. मग ते त्यांच्या कॉलेजच्या दिवसांबद्दल बोलत राहिले. तेव्हा चाकणला कंपन्या नव्हत्या, बाजार होता. कांद्याच्या आणि जनावरांच्या बाजाराला लांबून माणसं यायची, आणि कोण कुठल्या गावचा आहे ते बोलण्यावरून ओळखता यायचं. “आता कंपनीच्या गेटवर सगळे हिंदी बोलतात,” ते म्हणाले. “आमच्या घरात भाडेकरू आहेत, नांदेडचे. त्यांची आणि माझ्या मिसेसची मराठी जुळायला महिना लागला. आता दोघी मिळून तिसरीच कुठली तरी बोलतात.”

चौकातल्या दुकानांत फिरताना मी अनुक्रमणिका बघत होते आणि सर थेट बोलीचं प्रकरण काढत होते. एकेक पुस्तक उघडायचे, चष्मा वर सरकवून दोन पानं वाचायचे आणि परत ठेवायचे. एका दुकानदाराने शेवटी विचारलं, “सर, तुम्हाला नेमकं काय पाहिजे? परीक्षेला चालणारं सगळं ह्यात आहे.”

“परीक्षेला चालणारं माझ्याकडे आहे,” सर म्हणाले. “मुलींना मोठ्यानं वाचता येईल असं पाहिजे.”

दुकानदार आमच्याकडे बघत राहिला. मग त्याने दोन स्टुलं दिली आणि आतून आणखी एक गठ्ठा आणून ठेवला. तिथे पंख्याखाली बसून आम्ही दुपार घालवली. एका पुस्तकात बोलीला प्रकरणच नव्हतं. एकात होतं, पण सगळी बोली म्हणजे गंमत अशा सुरात लिहिलेलं. सरांनी ते जरा जोरातच मिटलं. मग गठ्ठ्याच्या तळातून एक बारीकसं पुस्तक निघालं. कुठल्याशा लहान गावातल्या प्राध्यापकाने लिहिलेलं. कागद साधा, छपाईच्या चुका भरपूर. पण त्यात एकच वाक्य चार ठिकाणचे लोक कसं बोलतात ते एकाखाली एक छापलं होतं आणि कुठलं बरोबर, कुठलं चूक याबद्दल एक अक्षर नव्हतं. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी घरी जाऊन विचारून यायचे प्रश्न होते.

सरांनी ते माझ्याकडे दिलं. मी वाक्यरचनेचं प्रकरण काढलं. अगदीच तोकडं होतं. “सर, हे अपुरं आहे. वाक्याबद्दल काहीच नाही ह्यात.”

“ते तुम्ही तुमच्या पुस्तकातून शिकवा.”

“आणि व्याख्या?”

“त्या मी सांगतो. मला पाठ आहेत.”

परतीच्या बसमध्ये मी वाद घालत राहिले. ध्वनींचा भाग कच्चा आहे, पारिभाषिक शब्द कमी आहेत, पुढे एम.ए.ला मुलं अडतील. सर प्रत्येक मुद्द्याला “बरोबर आहे” म्हणत होते. आकुर्डीला जायला भोसरीला उतरायच्या वेळी मी विचारलं, “मग ठरलं का हेच?” ते म्हणाले, “तुम्ही हो म्हणालात तर.” मी हो म्हणाले. खरं सांगायचं तर दुकानात स्टुलावर बसल्या बसल्याच माझं मत झालं होतं.

त्या रविवारी मी पहिल्या प्रकरणाचे प्रश्न स्वतः करून बघायला घेतले. वडील बाल्कनीत पेपर वाचत होते. मी विचारलं, “आप्पा, तुमच्या गावी बाजारातून आणतात त्या भाज्यांना काय म्हणायचे?”

त्यांनी पेपर खाली घेतला. “माळवं. का? काय लिवायलीस?”

कंपनीत इतकी वर्षं काढून, रिटायर होऊनही त्यांच्या तोंडात ‘लिवायलीस’ होतं आणि ते मी फार दिवसांनी नीट ऐकलं. मी पुढचे प्रश्न विचारत गेले. दुसऱ्या की तिसऱ्या शब्दाला ते अडले तेव्हा त्यांनी गावी काकांना फोन लावला. एका शब्दासाठी लावलेला तो फोन खूप वेळ चालला. त्यात कोणाच्या बैलांची, कोणाच्या लग्नांची, पडलेल्या माळवदांची विचारपूस झाली. आई स्वयंपाकघरातून येऊन दाराशी उभी राहिली. “काय चाललंय?” तिने मला विचारलं. “भाषाविज्ञान,” मी म्हणाले. मग तिनेही दोन शब्द सांगितले, तिच्या माहेरचे, जे मी तिच्या तोंडून त्याआधी कधीच ऐकले नव्हते.

वर्गात ते पुस्तक पहिल्यांदा उघडलं तेव्हा मी मागच्या बाकावर होते. मुलं घरी विचारून आली होती. प्रश्न साधा होता. भाकरीबरोबर जे पातळ खातो त्याला तुमच्या घरी काय म्हणतात? सर फळ्यावर लिहीत गेले. कालवण, आमटी, वरण. सिंधुदुर्गाकडच्या एका मुलीने सार सांगितलं. तिचे वडील भोसरीला फिटर होते आणि ती वर्गात फारसं बोलत नसे. त्या दिवशी बोलली. पुढच्या बाकावरची म्हणाली, “कोरड्यास.” लातूरचा एक मुलगा हसून म्हणाला, “कोरड्यास कसं काय? पातळ हाय की ते.” त्यावरून वर्गात वाद लागला आणि सरांनी तो लागू दिला.

मग ते म्हणाले, “आमच्या घरीही कोरड्यासच म्हणतात.” खडू हातात धरून ते सांगायला लागले. “आई रानात भाकरी घेऊन यायची. आमी पोरं विहिरीवर हात धुवायचो. ती इचारायची, कोरड्यास वाढू का रं? आन् वाढून झालेलं आसायचं, तरी इचारायची.” बोलता बोलता त्यांची मराठी घरची झाली होती आणि ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.  बाहेर एक कंटेनर हॉर्न वाजवत गेला, तेवढाच आवाज. ते थांबले. खडूकडे बघितलं.

पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “सर, तुमी आमच्याकडचे हाय?”

“व्हय,” सर म्हणाले.

आणि पुढचा तास त्यांनी नेहमीच्या मराठीत शिकवला. ‘ण’ होता तिथे ‘ण’. 

ते पुस्तक आम्ही अभ्यासक्रम बदलेपर्यंत वापरलं. दरवर्षी छपाईच्या चुका मुलांना आधीच दुरुस्त करायला लावायचो. वाक्यरचना मी माझ्या जाड पुस्तकातून शिकवायचे, पण इंग्रजी उदाहरणांच्या जागी मुलांचीच वाक्यं घ्यायला शिकले. ‘काय करतोस’, ‘काय करायलास’, ‘काय करतंस’ ही तिन्ही फळ्यावर मांडली की क्रियापदाचं प्रकरण निम्मं तिथेच होऊन जायचं. ती पुढच्या बाकावरची मुलगी बी.एड. करून आता तिच्याच तालुक्यातल्या एका शाळेत आहे. सर निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात ते नेहमीसारखंच सुंदर, शुद्ध बोलले आणि मोजकं बोलले.

मध्यंतरी अभ्यासक्रम पुन्हा बदलला आणि ते बारीक पुस्तक कुठे मिळेनासं झालं. माझ्यासोबत आता एक तरुण सहकारी आहेत. ते ताथवड्याहून कारने येतात आणि पुस्तकांपेक्षा मोबाइलवरचे व्हिडिओ जास्त दाखवतात. मुलांना ते आवडतात. वर्गात आता अशीही मुलं आहेत ज्यांचे आईवडील घरी मराठी बोलतच नाहीत. आम्ही दोघांनी नवं पुस्तक निवडायला घेतलं तेव्हा एका रविवारी मी सरांच्या गावी गेले.

त्यांची खालची जमीन रस्त्यात गेली आहे. वरच्या तुकड्यात अजून कांदा असतो. मी नेलेली पुस्तकं त्यांनी ओसरीवर बसून चाळली, एकदोन ठिकाणी थांबले, पण मत दिलं नाही. “तुमचे विद्यार्थी तुम्ही बघता, मी नाही,” एवढंच म्हणाले. त्यांच्या पत्नीने आग्रहाने जेवायला बसवलं. भाडेकरू ताई पापड घेऊन आल्या आणि दोघी आमच्या समोरच गप्पा मारत बसल्या, कोण कुठलं बोलतंय ते कळू नये अशा.

निघताना सर मला फाट्यापर्यंत सोडायला आले. बसला वेळ होता. आम्ही एका टपरीच्या सावलीत उभे राहिलो आणि ते यंदाच्या कांद्याबद्दल बोलत राहिले. लागवड उशिरा झाली होती, पण रोपं बरी होती. लांबून बस दिसली तेव्हा म्हणाले, “मॅडम, पुढच्या येळी पोरांनाबी घेऊन या. रान बघायला.”

मी पोरांना घेऊन जायचं ठरवलं आहे. परीक्षा झाल्या की.